भव्या बाजूने आत शिरते

…आणि वर त्या शंतनुने विचारलं काय, ठाऊक आहे? "तुझ्या आयुष्यातला संघर्ष काय?" असं विचारलं! आता मला सांगा, एकोणीस वर्षांची पोर, मल्लेश्वरममध्ये स्वतःच्या घरात वाढलेली, सकाळी आईच्या हातचा डोसा, दुपारी डब्यात चित्रान्न, संध्याकाळी वडिलांबरोबर कॅरम… ती संघर्ष आणणार कुठून? मंडईत मिळतो का? मिळत असता तर अर्धा किलो आणला असता की! बिचारीने पुष्कळ डोकं खाजवलं आणि म्हणाली, "मेट्रोत बसायला जागा मिळत नाही." तर हा पठ्ठ्या मान हलवून म्हणतो, "नॉट इनफ, भव्या. थोडं अजून दुःख पाहिजे!"

थांबा, थांबा. मधूनच सुरू केलं मी. तुम्ही म्हणाल हा कोण शंतनु, ही कोण भव्या, आणि दुःखाचा हिशेब कशाला चाललाय? नीट सांगतो.

आमच्या समोरच्या घरात खंडोजीअण्णा राहतात. यांचं घराणं बेंगळूरात आलं ते तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी, आणि तरी पुण्याहून कालपरवा आलेला माणूस यांना भेटला की डोळे मोठे करून पहिलं वाक्य काय? "अरे वा, तुम्हाला मराठी येतं?" असो! तर अण्णांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. अर्ध्या मल्लेश्वरमला त्यांनी गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला त्या गाड्यांपासून पळायला शिकवलं. बायको राजलक्ष्मीअक्का, शाळेत कन्नड शिकवतात. भव्या एकुलती एक. लहानपणी तिची शाळा लवकर सुटायची, अक्कांची उशिरा, मग पोरीला ठेवायचं कुठे? तर शिकाऊ गाडीच्या मागच्या सीटवर! पुढे एखादी बाई घामाघूम होऊन स्टिअरिंगला लटकलेली, शेजारी अण्णा ओरडतायत, "क्लच! क्लच! अहो तो ब्रेक, क्लच!" आणि मागे ही चिमुरडी खिडकीला नाक लावून बसलेली.

दुसरं मूल असतं तर झोपलं असतं. ही विचारायची, "अण्णा, या सिग्नलला एवढ्या गाड्या अडकतात आणि पुढचा रस्ता रिकामा का?" अण्णा म्हणायचे, "देवाला ठाऊक, पुट्टी." पुट्टी म्हणजे इकडे लाडाने छोट्या मुलीला म्हणतात. पण पुट्टीला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, देव काही सिग्नल लावत नाही, लावणारा माणूसच असणार, म्हणजे ठाऊकही कुणातरी माणसालाच असणार! आणि तिथून जे वेड लागलं… रस्ते, बस, सिग्नल, कोण कुठून कुठे का जातो, नि का पोचत नाही.

आता शहराबाहेर ते नवप्रज्ञा विद्यापीठ आहे. आहे म्हणजे काय, एवढी मोठी कमान, काचेच्या इमारती, आणि प्रवेश मिळणं इतकं कठीण की आत कोण शिकतं हेच लोकांना कळत नाही. तिथे नेमका भव्याला हवा तोच कोर्स. शहर, वाहतूक, अर्थशास्त्र, सगळं एकत्र. बारावीनंतर तिने प्रवेश परीक्षेची तयारी अशी केली की सांगता सोय नाही. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी अंगावर काय उठलं? कांजिण्या! अहो, लोकांना कांजिण्या पहिलीत येतात, दुसरीत येतात. या मुलीच्या कांजिण्या बारा वर्षं दबा धरून बसल्या होत्या! परीक्षा चालू होती तेव्हा ही कडुलिंबाच्या पाल्यावर पडून छताकडे बघत होती. संपलं! समोरचं दार बंद.

मग जयनगरच्या एका कॉलेजात बी. ए. कॉलेज वाईट नाही हो. पंखे चालतात. पण अर्थशास्त्राला देवाप्पासर. सर स्वभावाने देवमाणूस, पण शिकवायचे म्हणजे वहीतून सांगायचे, आणि मुलांनी उतरवून घ्यायचं. "मागणी, कॉमा, पुरवठा, कॉमा, आणि किंमत, फुलस्टॉप. पुढची ओळ." एकदा भव्याने उठून विचारलं, "सर, आमच्या रूटवर मागणी एवढी आहे, मग बस का वाढत नाहीत?" सरांनी चष्म्यावरून बघितलं. "हे सिलॅबसमध्ये नाही, फुलस्टॉप." आणि तुम्हाला सांगतो, वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेही उतरवून घेतलं!

अशी सहा महिने फुलस्टॉप घेत बसली आणि एक दिवस तिला कळलं की नवप्रज्ञामध्ये दुसऱ्या वर्षाला थोड्या जागा भरतात. पहिलं वर्ष कुठेही करा, तिथल्या दुसऱ्या वर्षाला अर्ज करा. लॅटरल एन्ट्री! ती धावत घरी आली. अण्णा म्हणाले, "लॅटरल म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "बाजूने, अण्णा." अण्णा विचारात पडले. "बाजूने? आणि समोरून?" "समोरून नव्हे हो, बाजूने!"

झालं. तेव्हापासून गल्लीत हेच. इडलीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना अण्णा सांगत सुटले, आमची पुट्टी नवप्रज्ञात जाणार… समोरून नव्हे हो, बाजूने! ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी कंपाउंडवरून उडी मारणार आहे.

आता यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत. श्रीरंग आणि श्वेता, पुण्याचे, दोघंही आयटीत. श्रीरंग गरीब माणूस, कानात ते हेडफोन खुपसून मीटिंगमध्येच राहतो, जिना उतरतानासुद्धा "यू आर ऑन म्यूट" म्हणत उतरतो. पण श्वेता! श्वेताला दुसऱ्याचं भलं करायची फार हौस. ही बातमी कळली मात्र, लॅपटॉप घेऊन खाली हजर. "काकू, लिसन, भव्या ब्राइट आहे, पण तिची प्रोफाइल ना, थोडी फ्लॅट आहे." अण्णा बिचारे आतून ओरडले, "फ्लॅट कसला? आपलं स्वतंत्र घर आहे की!"

तर श्वेता म्हणाली, नुसते मार्क कोण बघतो हल्ली? तिच्या ओळखीचा एक मुलगा आहे, जे. पी. नगरला, तो मुलांच्या प्रोफाइल बनवतो. आधी मी समजलो दाढीकटिंगचं काहीतरी असेल. नाही हो! तुमची मुलगी आहे तशी विद्यापीठाला चालत नाही, म्हणून तो तिला वेगळी करून देतो. तो हा शंतनु!

गेले सगळे. ऑफिसात खुर्ची म्हणून नाही. जमिनीवर त्या मोठ्या मोठ्या मऊ पिशव्या, बीनबॅग का काय. अण्णा त्यावर बसले आणि आत गेले! पाय वर, पोट वर, फक्त मिशा दिसतायत. तशा अवस्थेत त्यांनी मुलीच्या भवितव्याची चर्चा ऐकली. शंतनु म्हणतो, "अंकल, एव्हरी स्टुडंट इज अ स्टोरी." अण्णा पिशवीतून म्हणाले, "सरी, सरी." म्हणजे बरं, बरं. दुसरं काय म्हणणार, मान हलवायला जागा नव्हती.

मग ते संघर्षाचं निघालं. मेट्रोचं दुःख पुरेना. शंतनु म्हणाला, "आजारपण?" "कांजिण्या." "छे, क्यूट वाटतं ते. घरात काही भांडण? कुणी घर सोडून गेलंय?" अक्कांनी असं बघितलं त्याच्याकडे की तो पुढचा प्रश्न गिळून बसला. शेवटी विचारलं, "अंकल काय करतात?" "ड्रायव्हिंग स्कूल," भव्या म्हणाली. आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला! "ड्रायव्हर?" "नाही, ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्यांचं स्वतःचं." "येस, येस," तो भराभर टाइप करत म्हणाला, "ड्रायव्हर!"

आठवड्याने निबंध तयार. मला नवप्रज्ञात का यायचंय, या विषयावर. रविवारी सकाळी श्वेता खाली आली, म्हणाली, काका-काकू, ऐका, अंगावर काटा येईल. आम्ही शेजारीपाजारीही होतो, उप्पीट चाललं होतं. इंग्रजीतून होतं, ती एकेक वाक्य मराठी करून सांगत होती, आवाजात सगळा कंप आणून. "माझे वडील ड्रायव्हर आहेत. दुसऱ्यांच्या गाड्यांचा धूर त्यांच्या फुप्फुसात आहे, आणि माझी स्वप्नं त्यांच्या डोळ्यांत. रोज संध्याकाळी ते थकून येतात, तेव्हा त्यांच्या हातावरच्या घट्ट्यांत मी या शहराचा नकाशा वाचते…" अण्णांनी हळूच दोन्ही तळहात उलटे करून बघितले. नकाशा नव्हता. उप्पीट होतं.

"…आणि माझ्या फीसाठी आईने आपल्या बांगड्या विकल्या." इथे श्वेताने डोळे पुसले. अक्का पळी घेऊन उभ्या होत्या. हात वर केला, चारी बांगड्या खणखण वाजल्या. "मग हे काय आहे? कडबोळी?"

हसलो हो आम्ही सगळे. मीच मोठ्याने हसलो असेन. पण अण्णा हसले नाहीत. बशी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन गाडी धुवायला लागले. गाडी आदल्या दिवशीच धुतलेली होती. माणूस ती काच अशी घासत होता की पलीकडचं ऊन फाटेल.

भव्या मागोमाग गेली. म्हणाली, "अण्णा, ते मी लिहिलेलं नाही."

"असू दे की. पास होत असलीस तर असू दे. ड्रायव्हर म्हणजे काय चोर नव्हे."

"चोर नव्हे. पण तुम्ही ड्रायव्हर नाही, मास्तर आहात. मी मागच्या सीटवर बसून बघितलंय ना."

अण्णांनी फडकं पिळलं. "त्या मुलाला म्हणावं, फुप्फुसं माझी चांगली आहेत." आणि पुन्हा तीच काच पुसायला घेतली.

भव्या आत खोलीत गेली आणि तो निबंध पुसून टाकला. अख्खा! नवीन लिहिला. त्यात काय होतं? तर शिकाऊ गाडीची मागची सीट, अडकलेला सिग्नल, रिकामा रस्ता, आमचा वन-वे झालेला रस्ता, आणि एक प्रश्न, की असं का? बस्स. शंतनुला पाठवला, तर त्याचा फोन. "भव्या, यात स्टोरी कुठाय? यात कुणी रडतच नाही!" ती म्हणाली, "आमच्याकडे कुणी रडत नाही, काय करू?" आणि दिला पाठवून.

म्हणजे अर्ज गेला. सुटली म्हणता? छे! आता जुन्या कॉलेजचं ना-हरकत पत्र. नवप्रज्ञा म्हणतं, आधी जुन्या कॉलेजची हरकत नाही असं आणा. आणि हरकत घ्यायला कोण बसलेले? प्राचार्य रघुपती! या माणसाने सहा महिन्यांत भव्याला धड पाहिलेलं नाही. समोरून गेली तर "ए, रांगेत चल" एवढीच ओळख. आणि ती जाते म्हटल्यावर? हात छातीवर! "भव्या! आमची भव्या! आमच्यात काय कमी पडलं, अम्मा? पंखे नाहीत? लायब्ररी नाही?" लायब्ररीला कुलूप होतं, ते ती बोलली नाही. "तुला आम्ही मुलीसारखं वाढवलं!" अहो, सहा महिन्यांत? ऊससुद्धा त्याहून जास्त वेळ… जाऊ द्या.

तीन फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा साहेब दुःखी, दुसऱ्यांदा साहेब जेवायला, तिसऱ्यांदा साहेब एकदम खुशीत! म्हणाले, "देतो पत्र. पण तुला तिथे घेतलं, तर तुझा मोठा फोटो आमच्या गेटवर लावायचा. 'आमच्या कॉलेजातून नवप्रज्ञामध्ये!' असा फ्लेक्स." भव्या म्हणाली, "पण सर, मी तर कॉलेज सोडून चालले आहे." "तेच तर! आमच्याकडून किती चांगल्या ठिकाणी जाता येतं, हे लोकांना कळायला नको?" आता याला काय म्हणावं? मुलगी पळाली म्हणून पेढे वाटणारा बाप मी पहिल्यांदा बघितला!

पत्र मिळालं. मुलाखतीला बोलावणं आलं. अण्णांनी गाडी काढली, तीच, डोक्यावर स्कूलचं नाव, पुढेमागे लाल अक्षरात मोठा एल. अक्का म्हणाल्या, त्यापेक्षा टॅक्सी करा, नाहीतर शोभा होईल. अण्णा म्हणाले, मुलगी मास्तराची आहे, मास्तराच्या गाडीतून जाईल. पोचले कमानीपाशी. वॉचमन धावत आला, शिट्टी, हात आडवे. "इथून नाही, इथून नाही! व्हीआयपी गेट आहे. तुम्ही त्या साइडच्या गेटने या!" अण्णांनी बाहेर काढलेली मान आत घेऊन भव्याकडे बघितलं, भव्याने अण्णांकडे, आणि दोघं एकदमच म्हणाले, "समोरून नव्हे हो, बाजूने!" आणि वॉचमनला कळेना ही वाटेल त्या गोष्टीला हसणारी माणसं इथे शिकायला येतातच कशी.

आत आधी गटचर्चा. सहा उमेदवार, गोल टेबल, विषय कसलासा, 'बदल'. आणि या सहाही जणांना कुठल्यातरी शंतनुने शिकवून पाठवलेलं, की जो बोलतो तो नव्हे, जो ऐकतो तो लीडर! मग काय? सहाही जण ऐकायला लागले! माना डोलतायत, "हं, हं" चाललंय, एकमेकांकडे समजूतदार नजरेने बघतायत… पण बोलतंय कोण? कुणीच नाही! अहो, तेराव्याला गेल्यासारखं सगळं शांत. शेवटी एक मुलगा, विराट नावाचा, घसा खाकरून म्हणाला, "मला सगळ्यांचं म्हणणं पटतं." कुणी काही म्हटलंच नव्हतं! भव्याला हसू फुटलं, आणि हसता हसता ती म्हणाली, "मला नाही पटत." बस्स, मग सुरू झाली चर्चा.

आणि मग मुलाखत. समोर तिघं. एक जाड भिंगाच्या बाई, प्राध्यापक. एक तरुण, तो लॅपटॉपमध्येच. आणि एक टायवाले गृहस्थ, त्यांच्याजवळ एकच प्रश्न होता आणि तो ते धरून बसले होते.

बाईंनी तिचा निबंध वाचलेला. म्हणाल्या, "तुझ्या भागातला रस्ता वन-वे झाला, हे तुला आवडलेलं दिसत नाही. पण वन-वेमुळे गाड्या भरभर जातात, हे मान्य?"

"गाड्या जातात, मॅम. माणसं अडकतात."

"ती कशी?"

"आमच्या समोरचे आजोबा पूर्वी रस्ता ओलांडून स्वतः औषध आणायचे. गाड्या तुंबलेल्या असायच्या, त्यांच्यातून वाट काढत आरामात जायचे. आता गाड्या सुसाट. मुलगा घरी येईपर्यंत गोळीसाठी बसून राहतात."

आजोबा म्हणे! मी तो! बघा, विद्यापीठापर्यंत माझ्या रक्तदाबाची कीर्ती गेली.

बाई म्हणाल्या, "म्हणजे रस्ता तुंबलेलाच बरा, असं तुझं म्हणणं?" आणि भव्या अडकली. तिला वाटलं, झालं, आता फुलस्टॉप. पण बाई काय म्हणाल्या? "घाई नाही. विचार कर. आम्ही थांबतो." आणि खरंच थांबल्या हो! पेन खाली ठेवून, हाताची घडी घालून. वर्षभरात त्या मुलीच्या उत्तरासाठी कुणी थांबलेलं नव्हतं. कॉलेजात नाही, शंतनुकडे नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या गल्लीत पण नाही.

मग ती सावकाश म्हणाली, "आपण वेग मोजतो, कारण तो मोजायला सोपा आहे. रस्ता कुणासाठी, हे आधी ठरवलेलंच नाही."

"चूक," बाई म्हणाल्या.

"का चूक?"

"ठरवलेलं आहे. फक्त तुमच्या आजोबांना विचारलेलं नाही."

आणि जुंपली की! या म्हणतात बसचं काय, ती म्हणते ऑटोचं काय, या कागदावर चौक काढतात, ती त्यांच्याच पेनाने तो खोडते. टायवाले गृहस्थ घड्याळ बघून म्हणाले, "दहा वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस?" दोघी एकदम त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "एक मिनिट हं!"

बाहेर आली तेव्हा चेहरा लाल. अण्णांना वाटलं रडतेय. "काय झालं, पुट्टी? बोलले काही?" ती म्हणाली, "अण्णा, त्या मला चूक म्हणाल्या!" आणि अशी आनंदाने म्हणाली, की अण्णांनी पाणी दिलं तिला, ऊन लागलं असेल म्हणून.

निकाल लागला. घेतली! गल्लीत म्हैसूरपाक. श्वेता वरून ओरडत आली, श्रीरंगने पहिल्यांदा हेडफोन काढला, आणि त्याचे कान मी तेव्हा पाहिले. जयनगरला दुसऱ्याच दिवशी फ्लेक्स लागला, त्यात भव्या एवढी मोठी आणि शेजारी रघुपती तिच्याहून मोठे! अण्णा रस्त्यात भेटेल त्याला थांबवून, "समोरून नव्हे हो…" आणि पुढचं सगळी गल्ली म्हणायची!

आणि मग आली ती समकक्षता समिती. म्हणजे काय, तर तुम्ही आधी जे शिकलात ते आम्ही शिकवतो त्याच्या तोडीचं आहे की नाही, हे बघणारी माणसं. बघितलं त्यांनी. भव्याच्या कॉलेजात विषयाचं नाव 'अर्थशास्त्राची तत्त्वे.' यांच्याकडे 'अर्थशास्त्राचा पाया.' नापास! तिथे 'संख्याशास्त्र परिचय,' इथे 'संख्याशास्त्र ओळख.' अहो, परिचय आणि ओळख! त्यांनी एकमेकांना ओळखायचं नाकारलं! एकूण मान्य काय झालं माहितीये? पर्यावरण आणि शारीरिक तंदुरुस्ती. म्हणजे मुलीला झाड माहीत आहे आणि तिला पळता येतं, एवढं विद्यापीठाला मान्य! बाकी सगळं पुन्हा. तेव्हा प्रवेश आहे, अभिनंदन आहे… पण पहिल्या वर्षाला! दुसऱ्या वर्षाला म्हणून बाजूने शिरायला गेली, आणि आत जाऊन बघते तर पायरीच्या खाली!

त्या दिवशी घरात सुतक. अक्का भडकलेल्या. "एक वर्ष वाया घालवायचं? तिथे जयनगरात दुसऱ्या वर्षाला बसली असतीस. तुझ्याबरोबरच्या पोरी पुढे जातील, तू बारावीतून आलेल्या पोरांच्यात ताई म्हणून बस!" श्वेता म्हणाली, "इट्स ओके काकू, गॅप इयर समजा." अक्का म्हणाल्या, "गॅप आहे गं, इयर कुठे गेलं?" अण्णांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं. सुरुवात केली, "हे बघ पुट्टी, चढावर गाडी बंद पडली तर आपण काय करतो? हँडब्रेक…" "तुमचा हँडब्रेक ठेवा तिकडे!" अक्कांनी त्यांना तिथेच बंद पाडलं.

भव्या पायरीवर बसून होती. मी समोरून बघत होतो. खूप वेळ बसली. चेहरा असा की तिला खरंच कळत नव्हतं. एका बाजूला वर्ष, मैत्रिणी, ओळखीचं कॉलेज, रोजची मेट्रो. दुसऱ्या बाजूला काय, तर एक मुलाखत! मग उठून आत आली आणि म्हणाली, "आई, मी जाते तिथे."

"अगं, पण कशासाठी? तेच पुन्हा शिकायला?"

"त्या बाईंशी माझं भांडण अर्धवट राहिलंय."

अक्का म्हणजे पंचवीस वर्षं शाळेत घालवलेली बाई हो. कोणतं पोर पळवाट काढतंय आणि कुणाला खरंच भूक आहे, हे त्यांना दाराच्या आवाजावरून कळतं. थोडा वेळ बांगड्या मागेपुढे केल्या, आणि म्हणाल्या, "स्वल्प हळू भांड. मास्तरीण आहे ती." अण्णा म्हणाले, "सरी," आणि गाडीची किल्ली शोधायला लागले, जसं काही कॉलेज आत्ताच, याच क्षणी आहे.

तर अशी गेली भव्या नवप्रज्ञात. सोमवारी पहिला दिवस. नवीन बूट, केसांत अबोली नको नको म्हणत असताना अक्कांनी खोवलेली. त्या बाईंचा वर्ग गुरुवारी होता, तोपर्यंत सगळी ओळखपाळख. दुपारी कँटीनमध्ये गेली. ताट घेतलं, जागा शोधली. शेजारी एक मुलगी, नागपूरची, नाव सुखदा. मराठी निघाली म्हणून भव्याला इतका आनंद! ही सुखदा प्रवेश परीक्षेत वरच्या नंबरात आलेली. हुशार. समोर ताट, पण लक्ष लॅपटॉपमध्ये. भराभर टाइप करतेय, पुसतेय, टाइप करतेय.

भव्याने सभोवार बघितलं, तर त्या टेबलावर सगळेच तसे. सांबार थंड होतंय आणि प्रत्येकाची मान खाली. तिने विचारलं, "पहिल्याच दिवशी असाइनमेंट दिलं?"

"असाइनमेंट कुठलं? ॲप्लिकेशन आहे. कॅनडाचं." सुखदाने मान वर केली नाही. "एक वर्ष इथे काढायचं, मग तिकडे दुसऱ्या वर्षाला ट्रान्सफर. आमचा सगळा ग्रुप तेच करतोय. इथे राहून काय करायचंय, सांग ना? तू कुठे अप्लाय करतेयस?"

आता बोला! कांजिण्या काढल्या, निबंध पुसला, प्राचार्यांचं रडणं ऐकलं, एक अख्खं वर्ष पाण्यात घातलं, आणि आत पोचली तर आतली सगळी जनता निघायच्या तयारीत, बुटाच्या नाड्या बांधत बसलेली!

भव्याने त्या मुलीकडे बघितलं, तिच्या लॅपटॉपकडे बघितलं, मग सावकाश भात कालवला आणि म्हणाली, "बाई गं, मी आत्ताच आले. आधी जेवू तर दे."